पावडरीचा गुण की पावसाचा?

पुणे जिल्ह्यात ससे पाळणाऱ्यांकडून जून-जुलैत एक तक्रार ऐकू येते. पाऊस पडला, गारवा आला, तरी नर लावून मादी गाभण राहत नाही. मग दुकानातून जीवनसत्त्वांची पावडर आणून खाद्यात मिसळली जाते. ऑगस्टमध्ये माद्या गाभण राहू लागतात आणि पावडरीला गुण आला असं ठरतं. ठरवण्याआधी कॅलेंडर बघायला हवं.

सशाच्या वृषणात शुक्रजंतू घडायला साधारण 48 दिवस लागतात. पुढे अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या नळीत) पक्व व्हायला आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजे मेअखेर जे बिघडलं, त्याचा परिणाम जुलैपर्यंत दिसत राहतो. बिघडायला आपल्याकडचा उन्हाळा पुरेसा आहे. सशाला घाम जवळजवळ येतच नाही; अंगातली उष्णता तो लांब कानांतून आणि जलद श्वासातून बाहेर टाकतो. हवा 30 अंशांच्या वर गेली की हे उपाय अपुरे पडू लागतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 38-40 पर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. पावडर न देताही तो नर ऑगस्टपर्यंत बराचसा सावरला असता.

म्हणून पावडर निव्वळ थोतांड, असंही नाही. शुक्रजंतूचं आवरण बहुअसंतृप्त मेदाम्लांनी भरलेलं असतं. त्यामुळे ते लवचीक राहतं, पण प्राणवायूच्या आक्रमक रेणूंपुढे तेच आवरण नाजूक ठरतं. तेल खवट होतं ना, तसाच प्रकार. उष्णतेच्या ताणात हे रेणू वाढतात. इतर पेशींकडे दुरुस्तीची सामग्री असते, शुक्रजंतूकडे मात्र पेशीद्रव नावापुरतंच. ई जीवनसत्त्व या आवरणातच बसतं आणि खवटपणाची साखळी तोडतं. त्यात ते खर्ची पडतं, आणि त्याला पुन्हा कामाला जुंपण्याचं काम क जीवनसत्त्व करतं. क ससा स्वतःच्या यकृतात बनवतो. ई मात्र खाद्यातूनच मिळावं लागतं.

ई जीवनसत्त्वाचा शोधच मुळी वंध्यत्वातून लागला. 1922 साली अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसलं की ठरावीक आहारावरच्या उंदरांच्या माद्या गाभण राहतात, पण गर्भ टिकत नाही. त्याच्या टोकोफेरॉल या रासायनिक नावातला ‘टोकोस’ हा ग्रीक शब्द बाळंतपणाचाच.

सशांच्या खाद्यात किलोमागे 40-50 मिलिग्रॅम ई पुरतं; नरांवरच्या प्रयोगांत 200 पर्यंत दिलं गेलं आहे. ओमेगा-3 साठी जवस घालणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: खवट होऊ शकणारा मेद वाढला की ईची गरजही वाढते. सेलेनियम या खनिजाच्या बाबतीत मात्र हात आखडता बरा. सशाचा भर त्यापेक्षा ईवर जास्त असतो, आणि सेलेनियमची गरज व विषबाधा यांत अंतर थोडंच. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर माद्यांचे गर्भ दगावतात.

हिरव्यागार लसूणघासात (ल्यूसर्न चाऱ्यात) ई भरपूर असतं, पण तो उन्हात वाळवला की बरंचसं निघून जातं. पावडर घ्यायच्या आधी मी लसूणघासच बघेन, शिवाय पिंजऱ्यावर ओलं गोणपाट आणि दुपारी आत गोठवलेल्या पाण्याची बाटली. पावडर आजमावायचीच असेल, तर मार्चपासून अर्ध्या नरांना द्या, अर्ध्यांना देऊ नका. नराच्या नंबरापुढे किती माद्या लावल्या आणि किती गाभण राहिल्या, एवढं वहीत लिहीत जा.