गाळपेर जमीन (उजनी जलाशय)

धरणाचे पाणी ओसरल्यावर जलाशयाच्या काठाने उघडी पडणारी, गाळ साचलेली आणि ओल धरून ठेवणारी जमीन म्हणजे गाळपेर. ती बुडीत क्षेत्रासाठी संपादित झालेली असल्यामुळे मालकी शासनाची असते. पण तिच्याकडे आशेने पाहणाऱ्यांमध्ये जुने धरणग्रस्त, वरच्या बांधावरचे शेतकरी, मच्छीमार आणि गुराखी हे सगळेच असतात. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयाचा काठ हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे.

उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, तर मृतसाठ्याची (तळाचा, एरवी न वापरायचा साठा) पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे उपयुक्त साठ्याचे ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी अवघ्या ५.८० मीटर उंचीत पसरलेले आहे. शंभर मीटरला एक मीटर उतार असलेल्या काठावर एवढी पातळी उतरली की पाणी जवळपास ५८० मीटर मागे हटते. सपाट जागी त्याहून बरेच अधिक. एकूण ११७.२३ टीएमसी साठ्यापैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे आणि टंचाईत तोही उपसला जातो. बातम्यांत दिसणारी ‘उणे’ टक्केवारी येते ती इथून: ती उपयुक्त साठ्याच्या तुलनेत मोजतात, म्हणून उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे २६.८ टीएमसी पाणी गेलेले. धरण रिकामे झाले असा त्याचा अर्थ होत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी याहून खाली गेली होती. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते.

गाळपेर कसण्याचा परवाना अल्प मुदतीचा असतो आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. त्यातून मिळतो तो त्या हंगामाचा हक्क, जमिनीचा नव्हे. पक्के बांधकाम, विहीर, ऊस किंवा फळबाग यांना तिथे जागा नाही, आणि पाणी चढून पीक बुडाले तर भरपाईचा दावा टिकत नाही. पाणी त्या जागेवर परत येणार हे गृहीत धरूनच ती दिलेली असते. २०१८-१९ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी अशा जमिनी नाममात्र भाड्याने देण्यात आल्या होत्या.

पेरणीचे गणित पाण्याच्या वेळापत्रकावर चालते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जमीन मोकळी झाली तर हरभरा साधतो. लहान तलावांवर हे जमते. उजनीत पाणी मुख्यतः रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांबरोबर (पाणी सोडण्याच्या पाळ्या) उतरते, त्यामुळे बराच पट्टा उशिरा हाती येतो. तिथे चाऱ्याचा मका (हेक्टरी ७५ किलो बियाणे, साधारण दोन महिन्यांत कापणी), कलिंगड, काकडी अशी लवकर निघणारी पिके बरी. घाई केली तर औत चिखलात रुतते आणि ढेकळे दगडासारखी वाळतात. उशीर केला तर काळ्या गाळाला भेगा पडून ओल उडून जाते. वाफसा (पेरणीजोगी ओल) येईल तसा पट्ट्यापट्ट्याने पेरा करावा लागतो.

याच काठावर काही गोष्टी हमखास बिघडतात. वरच्या शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यामागे सरकतात, पाइप वाढतो, मग मृतसाठ्यापर्यंत चारी खोदली जाते. उपसा परवान्यापुरता राहत नाही आणि टंचाईत पिण्याचे पाणी राखण्यासाठी वीजपुरवठ्याचे तास कमी करण्याची वेळ येते. त्याचा फटका परवानाधारकालाही बसतो. काठावर टाकलेले खत आणि कीटकनाशक पुढच्या पावसाळ्यात थेट जलाशयात उतरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून आधीच येत असते. शेवाळ आणि जलपर्णी त्यावर पोसतात. या मोठ्या भाराचे खापर एकट्या गाळपेर शेतकऱ्यावर फोडणे अन्यायाचे आहे, पण पाण्यालगतच्या पट्ट्यात रसायने टाळलीच पाहिजेत. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथले रोहित पक्षी त्याच उथळ चिखलात चरतात. पाण्याच्या कडेपर्यंत नांगर गेला की त्यांची जागा जाते. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, त्यामुळे तेही संरक्षण इथे मिळत नाही.

काठ किती वेगाने उघडा पडतो हे बऱ्याच अंशी धरणाखालच्या गरजांवर ठरते. सोलापूर शहरासाठी भीमेत पाणी सोडून, शहर जिथून पाणी उचलते तो औज बंधारा भरण्याची रीत आहे. एका आवर्तनाला साधारण ५ ते ६ टीएमसी लागतात, कारण वाटेत पात्र भिजते, बाष्पीभवन होते, बंधारे भरतात आणि दोन्ही काठांवर उपसा चालतो. याउलट रोज १७ कोटी लिटर क्षमतेची उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी वर्षभर पूर्ण चालली तरी सुमारे २.२ टीएमसी घेते. शहराच्या दृष्टीने जलवाहिनी उघडच काटकसरीची. मात्र उन्हाळ्यात पंढरपूरच्या वाळवंटातून वाहणारे पाणी बहुतांशी याच आवर्तनांचे असते. जलवाहिनीमुळे वाचलेल्या पाण्यातील ठरावीक वाटा नदीसाठी राखून तो हळूहळू सोडला नाही, तर तो कालव्यात आणि जलाशयाच्या फुगवट्यावरच्या मोटारींत जिरेल, आणि उजनीखालची भीमा उन्हाळ्यात कोरडी राहील.