एचआयव्ही संसर्गातील गुलेन-बॅरे सिंड्रोम

एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या व्यक्तीची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटून बहुधा त्यांच्या मायलिन या संरक्षक आवरणाला इजा करते, तेव्हा हातापायांची झपाट्याने वाढणारी दुर्बलता उद्भवते; हाच गुलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस). मूळ विकाराचे वर्णन गुलेन, बॅरे आणि स्त्रॉल या फ्रेंच वैद्यांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या तपासणीवरून केले. २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण आढळल्यापासून ‘जीबीएस’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले. त्या साथीचा एचआयव्हीशी मात्र संबंध नव्हता.

प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या संसर्गात प्रतिकारशक्तीच्याच अतिरेकाचा आजार व्हावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. याचा उलगडा काळात आहे. हा विकार बहुधा संसर्गाच्या आरंभी, सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी) अद्याप पुरेशा असताना आणि विषाणूमुळे प्रतिकारयंत्रणा चेतवलेली असताना होतो. त्यामुळे एचआयव्हीची पहिली खूण लकव्याच्या रूपाने दिसू शकते, आणि त्या सुमारास प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्हही येऊ शकते. एका निगेटिव्ह अहवालावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. शंका असल्यास विषाणूच्या आरएनएची (जनुकीय द्रव्याची) तपासणी करावी किंवा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.

पायांत मुंग्या येऊन सुरू झालेली दुर्बलता वर चढत जाते, गुडघ्याचे प्रतिक्षेप नाहीसे होतात, कधी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडतात आणि श्वसनाचे स्नायू थकल्यास व्हेंटिलेटर लागतो. पाठीतून काढलेल्या पाण्यात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, प्रथिने वाढलेली असतात. एरवीच्या जीबीएसमध्ये त्या पाण्यात पेशी फारशा नसतात, एचआयव्हीबाधितांत त्या पुष्कळदा वाढलेल्या आढळतात. हा फरक दिसल्यास एचआयव्हीची चाचणी करायलाच हवी.

उपचार इतर रुग्णांप्रमाणेच असतात: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे), साधारणतः पाच दिवस दररोज किलोमागे ०.४ ग्रॅम, किंवा प्लाझ्मा (रक्तातील द्रवभाग) बदलणे. स्टेरॉइडचा येथे उपयोग होत नाही. आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहणाऱ्या सीआयडीपी या दीर्घकालीन प्रकारात मात्र होतो. सीडी-४ पेशी रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे ५० च्या खाली गेलेल्या रुग्णाचे पाय लुळे पडून लघवी अडली, तर आधी सायटोमेगॅलो या, प्रतिकारशक्ती खचल्यावर मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूचा संशय घ्यावा, कारण त्यावर विषाणुरोधक औषध तातडीने लागते. स्टॅव्ह्युडिनसारख्या एचआयव्हीवरील जुन्या औषधांनी तळपायांची होणारी आग हाही निराळा विकार आहे.

क्वचित एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) सुरू केल्यावर, प्रतिकारशक्ती सावरत असताना जीबीएस होतो. अशा वेळी रुग्णाने गोळ्या स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण श्वसनाची दुर्बलता काही तासांत वाढू शकते.