उरलेल्या मॉर्फिनचा हिशेब

तेरावं उरकलं की दोन-चार दिवसांत घरातलं कुणीतरी पॅलिएटिव्ह क्लिनिकच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणाऱ्या दवाखान्याच्या, दारात येऊन उभं राहतं. हातात औषधांची पिशवी. "सिस्टर, ह्या राहिल्यात." पिशवीत दहा मिलिग्रॅम मॉर्फिनच्या, अफूपासून बनणाऱ्या जबर वेदनाशामकाच्या, अडीच स्ट्रिप. सिस्टर गोळ्या मोजतात, पंचवीस भरतात. मग रजिस्टरमधलं त्या पेशंटचं पान उघडायचं, मागच्या खेपेला किती दिल्या होत्या ते बघायचं, शेवटचा डोस कधी दिला ते घरच्यांना हळूच विचारायचं, ताळा जुळवायचा आणि सहीसाठी दुसऱ्या कुणालातरी हाक मारायची. हे काम दहा मिनिटांचं, पण त्याच्यामागे चाळीस वर्षं आहेत. त्यातली बरीचशी वर्षं तर औषध उरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते मिळतच नव्हतं.

१४ नोव्हेंबर १९८५ ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, अमलात आला. रोख होता तस्करीवर. शिक्षा कडक, आणि मॉर्फिन बाळगायला, आणायला, दुसऱ्या राज्यातून मागवायला वेगवेगळे परवाने. एकाची मुदत संपली तरी दुसरा हातात आलेला नसे. शिवाय हिशेबात चूक झाली तर तुरुंग, ही धास्ती डॉक्टरांच्या आणि केमिस्टांच्या मनात बसली. बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. देशातला वैद्यकीय वापर बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. १९९७ मध्ये अख्ख्या देशाने जेमतेम १८ किलो मॉर्फिन वापरलं. गाझीपूर आणि नीमचचे सरकारी कारखाने मात्र परदेशी औषध कंपन्यांसाठी अफू पाठवत होते. ह्याच काळात, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनची शिफारस केली, आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू झालं. कायदा करणाऱ्यांच्या मनात क्रूरपणा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा भार तळमळणाऱ्या माणसांवर पडला, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

वाट दाखवली ती केरळातल्या कोझिकोडने. तिथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. मॉर्फिन पेशंटच्या घरी द्यायचं, पण गोळीगणिक हिशेब ठेवायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. २००१ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अनुभव छापून आला: दोन वर्षांत सतराशेहून जास्त पेशंटना घरी मॉर्फिन दिलं आणि ते भलतीकडे गेल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे. औषध मोकळं करा म्हणणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदाच पुरावा आला, आणि तो पुरावा म्हणजे नीट ठेवलेलं रजिस्टर.

केंद्राने १९९८ मध्ये राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं होतं, पण फार थोड्या राज्यांनी ते मनावर घेतलं. शेवटी २०१४ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली. मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. औषध हाती आलं, आणि मग ते उरूही लागलं.

उरलेल्या औषधाची भीती खरी आहे, हे इंग्लंडने फार मोठी किंमत मोजून शिकलं. हॅरॉल्ड शिपमन हा हाइड गावचा फॅमिली डॉक्टर. कॅन्सरचे पेशंट गेल्यावर त्यांच्या घरी राहिलेलं डायमॉर्फिन, मॉर्फिनचाच जास्त जहाल भाऊ, तो उचलून न्यायचा आणि तेच टोचून त्याने धडधाकट माणसांचे जीव घेतले. २००० मध्ये १५ खुनांसाठी त्याला शिक्षा झाली. पुढे चौकशीत बळींचा आकडा २१५ निघाला. त्या चौकशीचा चौथा अहवाल, २००४ चा, फक्त अशा औषधांच्या देखरेखीवर आहे. त्यानंतर तिथे आरोग्यसंस्थांना ह्या औषधांसाठी जबाबदार अधिकारी नेमावा लागला.

आपल्याकडे टाकाऊ औषधांची सोय जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आहे. ते पहिल्यांदा १९९८ मध्ये आले, सध्याचे २०१६ चे. त्यांनुसार मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत जातात आणि पुढे भट्टीत जळतात. पण कचऱ्याची गाडी येईपर्यंत पिशवी जिन्याखाली पडून असते, आणि अख्खी गोळी त्यातून कुणीही काढू शकतं. म्हणून आधी ती निरुपयोगी करायची: फॉइलमधून सोडवायची, पाण्यात विरघळवायची, साक्षीदार समोर हवा. फेंटानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधी पट्टी, तर तीन दिवसांनी काढला तरी त्यात बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन तो दुमडायचा, नाहीतर खेळणाऱ्या पोराच्या अंगाला चिकटायचा.

घरच्यांसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली. ही औषधं कचऱ्यात न टाकता संडासात सोडून पाणी ओतावं, कारण एक डोसही दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो. यादीत मॉर्फिन आहे, फेंटानिल आहे, ट्रॅमाडॉलही आहे. सल्ला योग्य आहे. तरी जिथे सांडपाणी उघड्या गटारातून वाहतं, तिथे गोळ्या क्लिनिकमध्ये परत येणं मला जास्त बरं वाटतं. त्या निमित्ताने घरचं माणूसही एकदा येऊन बसतं, बोलतं.

आणि बोलता बोलता ते हमखास म्हणतं, "दुसऱ्या कुणाला द्या की, सिस्टर. बाबांच्या नावाने." अन्न टाकू नये असं शिकलेल्या घरातून हे येणारच, आणि ज्या देशात हे औषध इतकी वर्षं दुर्मिळ होतं तिथे ते ऐकताना घशात आवंढा येतो. पण त्या गोळ्या घरी कुठे होत्या, उन्हात की ओलीत, कुणाच्या हातून गेल्या, हे सांगता येत नाही. दोन कुलपांच्या कपाटात त्या पुन्हा जात नाहीत. सिस्टर हे समजावून सांगतात, मग पाण्याचा ग्लास पुढे ओढतात आणि एकेक गोळी त्यात सोडतात. रजिस्टरमध्ये लिहिलं जातं: परत आल्या २५, नष्ट केल्या २५. खाली तारीख आणि दोन सह्या.