मुका मार

मुका मार : कातडी न फाटता आतल्या मऊ भागाला झालेली इजा. ठोका बसल्याने, चेपल्याने किंवा पडल्याने त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटतात, रक्त आसपास झिरपते आणि जागा काळीनिळी पडते. कोल्हापुरात ही संज्ञा घरात, तालमीत आणि दवाखान्यात सारखीच रुळलेली आहे. मात्र डाग न उमटता नुसते ठणकणारे अंगही तिच्यात मोडते. त्यामुळे त्वचेखालील रक्तस्राव या वैद्यकीय कल्पनेपेक्षा तिचा आवाका मोठा आहे.

‘मुका’ हे येथे संस्कृत ‘मूक’वरून आलेले विशेषण मानणे सयुक्तिक वाटते. हिंदीतील ‘मुक्का’ (ठोसा) या शब्दाशी नाते जोडण्याचा मोह ध्वनिसाम्यामुळे होतो. पण जिन्यावरून घसरलेल्यालाही मुका मारच लागतो, तेथे ठोशाचा संबंध नसतो. सुश्रुतसंहितेत सद्योव्रणाचे (माराने झालेल्या ताज्या जखमेचे) छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार दिले आहेत. या ग्रंथाचा काळ इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून सनानंतरच्या आरंभीच्या शतकांपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. मुका मार म्हणजे पिच्चित असे समीकरण मांडता येईल, पण ते सैल ठरते. पिच्चितात हाडासकट अवयव चेचला जाऊन रक्तामज्जेने माखतो. घृष्ट मात्र आजच्या खरचटण्याच्या बरेच जवळचे आहे.

लगतच्या शब्दांत वळ हा काठी, छडी वा चाबकाचा. टेंगूळ बहुधा कपाळावर किंवा डोक्यावर, जेथे कातडीखाली लगेच हाड असते. काठीच्या वळात पुष्कळदा दोन समांतर तांबड्या रेघा व मध्ये फिकट पट्टी दिसते, कारण रक्त दाबाखालून कडांकडे ढकलले जाते. मुरगळणे व लचकणे सांध्याचे आणि स्नायूंचे. त्यांत डाग असेलच असे नाही.

डागाच्या रंगावरून माराचा काळ सांगण्याची पद्धत जुनी आहे. प्रारंभी तांबडा किंवा जांभळट-निळा असलेला डाग हिमोग्लोबिनचे (रक्तातील लाल रंगद्रव्याचे) विघटन होत जाते तसा त्यातून तयार होणाऱ्या बिलिव्हर्डिनमुळे हिरवट, बिलिरुबिनमुळे पिवळा आणि पुढे तपकिरी होतो. दिवसागणिक रंगांचे तक्ते जुन्या न्यायवैद्यक पुस्तकांत आढळतात. त्यांवर आता फारसा भरवसा ठेवला जात नाही. लँग्लॉइस आणि ग्रेशम या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलेले निरीक्षण असे, की पिवळेपणा १८ तासांच्या आत दिसत नाही. पिवळा डाग त्याहून जुना, एवढेच त्यावरून म्हणता येते. पिवळेपणा नाही म्हणून मार ताजा, असे ठरत नाही. वय, कातडीचा रंग, माराची खोली आणि जागा यांनी क्रम बदलतो. डागाचे ठिकाणही फसवे असते : कपाळावर लागलेल्या माराचे रक्त खाली उतरून दुसऱ्या दिवशी डोळा काळा दिसतो, आणि डोळ्यावरच बुक्की बसली असा समज होतो.

कुस्तीत या इजेचे एक खास रूप दिसते. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतील तांबडी माती भुसभुशीत ठेवतात, तीत ताक, तेल, हळद मिसळतात. पाठीवर पडणाऱ्याला तिचा आधार होतो. कान मात्र पकडीत रगडले जातात. उपास्थी (कानाला आकार देणारा मऊ हाडासारखा भाग) आणि तिच्यावरील आवरण यांच्यामध्ये रक्त साठले व वेळीच काढले नाही, तर उपास्थीचे पोषण तुटते आणि कान जाड, गोळामोळा होतो. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१२ मध्ये, बांधलेल्या खासबाग मैदानात असे कान ओळखीची खूण ठरतात.

घरगुती उपायांत आंबेहळदीचा लेप प्रमुख. पहिल्या दिवशी गार शेक, ऊब नंतर. ताज्या मारावर जोरात मालीश टाळावी.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ११४ मध्ये शारीरिक वेदना देणे हीदेखील दुखापतच आहे. डाग असलाच पाहिजे अशी अट नाही.

फळबाजारात दबलेल्या आंब्याला ‘मार लागलेला’ म्हणतात. तेथे ‘मुका’ हे विशेषण लावत नाहीत.