गाईडला नेमकं शिकवायचं काय, हा प्रश्न जुनाच आहे

लोकल गाईडच्या ट्रेनिंगचा विषय निघाला की गाडी सनावळ्यांवरच येऊन थांबते, माहिती पाठ झाली म्हणजे गाईड तयार. पण या पाठांतराबद्दलची तक्रार जवळपास १९०० वर्षं जुनी आहे! ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिरात पुजारी असलेल्या प्लुटार्कने लिहून ठेवलंय की पाहुणे 'जरा आवरतं घ्या, शिलालेख कमी करा' म्हणून विनवत होते तरी तिथले गाईड ठरलेलं भाषण तसंच पुढे रेटत होते. माहिती भरपूर होती, समोरच्याकडे लक्ष नव्हतं.

शिस्त आधी आली ती डोंगरात, आणि तीही माणसं गेल्यावर. १८२० मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर हिमकडा कोसळून तीन गाईड गेले, पुढच्याच वर्षी त्याच्या पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाईडांनी संघटना बांधली, कामं पाळीपाळीने वाटायचं ठरलं, अपघातात सापडलेल्यांच्या घरच्यांसाठी फंड काढला. जिथे चुकलं की जीव जातो तिथे कच्चा माणूस चालत नाही हे पटकन कळतं. जुन्या वास्तूत वाईट गाईड मिळाला तर पाहुणा फक्त कंटाळून निघून जातो, म्हणूनच बहुतेक बोलण्याच्या ट्रेनिंगला इतका उशीर झाला.

त्यावर नीट विचार केला तो अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांचं काम जवळून पाहिलेल्या फ्रीमन टिल्डनने. १९५७ मध्ये त्याने ठामपणे मांडलं की नुसती माहिती देणं म्हणजे अर्थ उलगडणं नव्हे, आणि लहान मुलांसाठी मोठ्यांचंच भाषण पातळ करून चालणार नाही, पद्धतच वेगळी लागते. मला हे आजही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग २००८ मध्ये युरोपात गाईड ट्रेनिंगचं स्टँडर्ड आलं, किमान ६०० युनिट्स (ट्रेनिंगचे ठरावीक भाग) आणि त्यातले ४० टक्के प्रॅक्टिकल. हे ४० टक्के उगाच नाहीत, कारण ग्रुपसमोर उभं राहताना ऊन आपण स्वतःच्या तोंडावर घ्यायचं म्हणजे पाहुण्यांचे डोळे दिपत नाहीत, सगळ्यात मागचा माणूस पोचेपर्यंत बोलायला सुरुवात करायची नाही, कुणी हळू आवाजात प्रश्न विचारला तर तो आधी सगळ्यांना ऐकू जाईल असा परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं, हे वर्गात बसून येतच नाही. लोकल गाईडला जागा कोपरान् कोपरा माहीत असते, त्याला खरी गरज आहे ती अख्खी फेरी सोबत चालून नंतर बाजूला घेऊन कुठे लोक हरवले ते सांगणाऱ्या अनुभवी माणसाची.