कंबरदुखीमागचा कॅन्सर : मल्टिपल मायलोमा कसा कळत गेला

कोल्हापुरात कुणी कंबर धरली की उत्तर ठरलेलं असतं, वात आहे नाहीतर मणक्यात गॅप आहे, मग तेल लावा, पट्टा बांधा, मेडिकलमधनं पेनकिलर आणा, आणि खरं सांगायचं तर शंभरातल्या बहुतेकांचं ते तेवढंच असतं. पण काही थोड्या लोकांच्यात दुखणं सुरू होतं ते हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, आणि ते कळेपर्यंत मणका दबलेला असतो, हिमोग्लोबिन सातवर आलेलं असतं, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचतं ते) वाढलेलं असतं. वर ज्या पेनकिलर महिनोन्महिने खाल्ल्या त्यांनी आधीच ताणाखाली असलेल्या किडनीवर अजून भार टाकलेला असतो. या आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा, रक्ताचा एक कॅन्सर. घरातल्या कुणाला झाला की मगच हे नाव लोक पहिल्यांदा ऐकतात, म्हणून याची मागची सगळी गोष्ट एकदा नीट लिहावी असं वाटलं.

आधी आजार काय ते थोडक्यात. आपल्या बोन मॅरोत प्लाझ्मा सेल असतात, त्यांचं काम अँटिबॉडी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणारं प्रोटीन, बनवायचं. त्यातली एखादी पेशी बिघडते आणि स्वतःच्याच कॉप्या काढत सुटते, आणि या सगळ्या कॉप्या मिळून एकाच प्रकारचं बिनकामाचं प्रोटीन रक्तात सोडत राहतात. मॅरोत गर्दी झाली की रक्त कमी बनतं, हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात आणि हाडाला भोकं पडतात, हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं, आणि प्रोटीनचे छोटे तुकडे किडनीत अडकतात. म्हणजे कंबर, थकवा, किडनी, वरचेवर इन्फेक्शन, सगळं एकाच ठिकाणाहून येतं, पण पेशंट मात्र हाडाच्या, किडनीच्या आणि फॅमिली डॉक्टरकडं वेगवेगळा फिरत असतो.

पहिली नीट नोंदलेली केस १८४४ सालची, लंडनची. सारा न्यूबरी नावाची ३९ वर्षांची बाई, नवऱ्यानं तिला उचलून पलंगावर ठेवायला घेतलं आणि तिच्या मांडीची हाडं मोडली. सॅम्युअल सॉली या सर्जननं तिची केस लिहून ठेवली. औषध काय, तर संत्र्याच्या सालीचा काढा आणि रुबार्बची गोळी. ती गेल्यावर हाडं कापून बघितली तर आत मॅरोच्या जागी लालसर पदार्थ भरलेला.

पण खरी कलाटणी दिली ती पुढच्या वर्षी लघवीच्या एका नळीनं. थॉमस मॅकबीन नावाचा ४५ वर्षांचा व्यापारी, छातीत आणि पाठीत भयंकर दुखायचं, डॉक्टरांनी जळवा लावल्या, प्लास्टर लावलं, लोह आणि क्विनाइन दिलं, मधे बरं वाटलं आणि परत उलटलं. त्याला बघणारे विल्यम मॅकिंटायर आणि थॉमस वॉटसन या दोघांनी त्याची लघवी तापवून बघितली तर ती विचित्र वागत होती, गरम केली की साका धरायचा, अजून उकळली की विरघळायचा, थंड केली की परत साका. १ नोव्हेंबर १८४५ ला वॉटसननं ती नळी ३१ वर्षांच्या हेन्री बेन्स जोन्सकडं पाठवली आणि चिठ्ठीत सरळ विचारलं की हे आहे तरी काय. बेन्स जोन्स डॉक्टरही होता आणि केमिस्टही. हे नेहमीचं अल्ब्युमिन नाही, वेगळं प्रोटीन आहे आणि अशा आजाऱ्यांच्या लघवीत ते शोधलं पाहिजे, हे त्यानं लिहून ठेवलं. मॅकबीन १ जानेवारी १८४६ ला गेला. त्याची हाडं इतकी मऊ झाली होती की सुरीनं कापली जात होती.

मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, कारण रक्तालघवीतल्या एका पदार्थावरून कॅन्सर ओळखायची ही जगातली पहिली खूण धरली जाते, आणि ती सापडली तेव्हा ना मायक्रोस्कोपखाली प्लाझ्मा सेल कुणी ओळखली होती ना एक्स-रे होता. आणि अजून एक गोष्ट आजही लागू आहे. लघवीची साधी पट्टीची टेस्ट मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, बेन्स जोन्स प्रोटीन तिला बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळं 'युरिन नॉर्मल' असा रिपोर्ट हातात असूनही मायलोमा असू शकतो. हे लय महत्त्वाचं आहे.

मल्टिपल मायलोमा हे नाव १८७३ ला रुस्तित्स्की यांनी दिलं, १८८९ ला ओटो काहलर यांनी एका डॉक्टर पेशंटची केस इतकी बारकाईनं मांडली की युरोपात काही ठिकाणी याला अजून काहलरचा आजार म्हणतात, १९०० ला राइटनं गाठीतल्या पेशी प्लाझ्मा सेलच असल्याचं सांगितलं, आणि १९२९ ला रशियात अरिन्किननं छातीच्या हाडातनं सुईनं मॅरो काढायची पद्धत आणल्यावर पेशंट जिवंत असतानाच निदान व्हायला लागलं. १९३९ ला इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेच्या प्रवाहानं रक्तातली प्रोटीन वेगवेगळी करायच्या टेस्टच्या) ग्राफवर या पेशंटांच्या रक्तातला टोकदार सुळका दिसला, आज रिपोर्टवर 'एम स्पाइक' लिहिलेलं असतं ते हेच. आणि बेन्स जोन्सचं ते प्रोटीन म्हणजे नक्की काय, याचं उत्तर मिळालं थेट १९६२ ला. एडलमन आणि त्याचा विद्यार्थी गॅली यांनी दाखवलं की तो अँटिबॉडीचा लहान तुकडा, म्हणजे लाइट चेन आहे, नॉर्मल अँटिबॉडीची लाइट चेन तापवली तरी ती तशीच साका धरते आणि विरघळते. वॉटसनच्या चिठ्ठीला उत्तर यायला ११७ वर्षं लागली.

औषधाच्या बाजूला मात्र बराच काळ अंधार होता. १९४७ ला स्वीडनमधनं युरेथेन नावाच्या रसायनाचा गुण आल्याची बातमी आली आणि पुढं जवळजवळ वीस वर्षं जगभर ते वापरलं गेलं. १९६६ ला एकदाची नीट ट्रायल झाली, निम्म्यांना युरेथेन आणि निम्म्यांना चेरी-कोलाच्या चवीचं नुसतं सिरप, तर युरेथेनवाले उलट लवकर गेले. 'अमक्याला गुण आला' एवढ्यावर औषध का चालवायचं नाही, हे कुणाला समजवायचं असेल तर मी हीच ट्रायल सांगतो. तोवर मेल्फलान आलं होतं, युद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या घराण्यातलं औषध, आधी सोव्हिएत रशियात ब्लोखिननं १९५८ ला आणि मग अमेरिकेत बर्गसेजलनं १९६२ ला दाखवलेलं. त्याला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड जोडलं आणि पुढची तीसेक वर्षं तीच मुख्य ट्रीटमेंट राहिली. १९८३ ला लंडनला मॅकएल्वेन आणि पॉवल्स यांनी मेल्फलानचा मोठा डोस देऊन बघितला, त्यातनं पुढं पेशंटच्या स्वतःच्याच स्टेम सेलचं (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींचं) ट्रान्सप्लांट रुळलं. त्याच १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियलला डॉ. सुरेश अडवाणींनी भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, ते ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या एका लहान मुलीचं होतं.

परळ म्हटलं की अजून एक धागा आठवतो, जरा बाजूचा आहे पण सांगण्यासारखा. १९२८ नंतर लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटला गिरणीकामगार गरोदर बायकांच्या अॅनिमियावर काम करत होती, आणि यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटनं त्या बऱ्या होतात हे तिनं दाखवलं. त्यातला तो घटक म्हणजे फॉलिक अॅसिड. पुढं भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या टीमनं त्याला अडवणारी औषधं बनवली आणि १९४८ ला सिडनी फार्बरनं ती ल्युकेमियाच्या मुलांना देऊन दाखवली. रक्ताच्या कॅन्सरच्या केमोची सुरुवात शोधत गेलं तर एक वाट अशी गिरणगावात जाते.

आता मायलोमावरचं पुढचं मोठं औषध, थॅलिडोमाइड. १९५७ ला जर्मनीत झोपेची गोळी म्हणून आलं, गरोदर बायकांनी घेतलं, दहा हजारांहून जास्त बाळं हातापायाचं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ ला ते बाजारातनं काढलं. संपलं असंच सगळ्यांना वाटलं. पण १९६४ च्या सुमारास जेरुसलेमला जेकब शेस्किननं कुष्ठरोगाच्या रिअॅक्शननं तळमळणाऱ्या, झोप नसलेल्या पेशंटला तीच गोळी दिली आणि त्याच्या वेदनादायक गाठी एकदम उतरल्या. शेंडा पार्कचं कुष्ठधाम ज्यांनी बघितलंय त्या कोल्हापूरकरांना ती रिअॅक्शन किती हाल करते हे सांगायला नको. नंतर हे औषध ट्यूमरला जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या अडवतं असं दिसलं, अमेरिकेतले संशोधक जुडा फोकमन यांचं काम त्याच विषयावर होतं, आणि मायलोमा झालेल्या एका तरुण डॉक्टरच्या बायकोनं फोकमनना फोन करून आर्कान्सातले मायलोमाचे डॉक्टर बार्ट बार्लोगी यांना हे औषध वापरून बघायला लावलं. तिच्या नवऱ्याला उपयोग झाला नाही. पण इतरांना झाला. १९९९ ला सीमा सिंघल आणि बार्लोगी वगैरेंचा पेपर आला, सगळे उपाय थकलेले ८४ पेशंट, त्यातल्या ३२ टक्क्यांना गुण. ते नक्की कुठं चिकटतं, सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला, हे जपानी टीमनं सांगितलं २०१० ला. आज मायलोमात नेहमी दिलं जाणारं लेनालिडोमाइड त्याचंच पुढचं भावंड.

२००३ ला बोर्टेझोमिब आलं. मायलोमाची पेशी रात्रंदिवस प्रोटीन बनवते म्हणजे कचराही तितकाच करते, तो कचरा उचलायची यंत्रणा हे औषध बंद पाडतं. गुऱ्हाळावर ऊस सारखा येतोय आणि चिपाडं कुणी उचलतच नाही, तसं होऊन पेशी आपल्याच ढिगात गुदमरते. २०१५ ला डाराटुमुमॅब, म्हणजे मायलोमाच्या पेशीला चिकटणारी तयार अँटिबॉडी आली, २०२१ आणि २०२२ ला अमेरिकेत मायलोमासाठी दोन कार-टी थेरपी (पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) मंजूर झाल्या. ऑक्टोबर २०२३ ला भारतात मंजूर झालेली आयआयटी मुंबई आणि टाटाची नेक्सकार१९ ही कार-टी लिम्फोमा-ल्युकेमिया या दुसऱ्या कॅन्सरसाठी आहे, मायलोमासाठी नाही, इथं बऱ्याच नातेवाइकांचा गोंधळ होतो. मायलोमाच्या पेशीवर टार्गेट वेगळं, बीसीएमए नावाचं.

यातलं अजून एक काम कमी बोललं जातं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८ ला सांगितलं की काही धडधाकट लोकांच्या रक्तातही हा सुळका असतो, त्याला एमजीयूएस म्हणतात, आणि त्यातल्या वर्षाला साधारण एक टक्का लोकांचा पुढं मायलोमा किंवा तसला आजार होतो. २००९ ला कळलं की जवळजवळ प्रत्येक मायलोमाच्या आधी ही पायरी असतेच. म्हणजे आजार वर्षानुवर्षं रक्तात दिसत असतो, फक्त कुणी बघत नाही. आइसलँडनं २०१६ पासून चाळिशीपुढच्या सगळ्या देशालाच तपासणीला बोलावलं आणि ८० हजारांहून जास्त लोक आले.

आपल्याकडं पेशंट पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लहान असतात, म्हणजे पन्नाशीतले, कमावते. भारतीय कंपन्यांनी बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइडची जेनेरिक काढल्यामुळं ही औषधं निदान आवाक्यात तरी आली. पूर्वी अशा पेशंटला महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादरला उतरून परळ गाठण्यावाचून इलाज नसायचा, आता ट्रान्सप्लांटसाठी मुंबई-पुण्याला जावं लागलं तरी बोर्टेझोमिबचं पोटाच्या कातडीखालचं इंजेक्शन डे-केअरला घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं. निदानाला लागणाऱ्या पहिल्या टेस्ट रक्ताच्याच आहेत, सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन (तो सुळका कुठल्या अँटिबॉडीचा ते सांगणारी) आणि फ्री लाइट चेन (रक्तातल्या सुट्या लाइट चेन मोजणारी). पन्नाशीपुढच्या माणसाची कंबर महिनाभर थांबत नसेल आणि सोबत हिमोग्लोबिन कमी किंवा क्रिएटिनिन जास्त असेल, तर डॉक्टरांना या तीन टेस्टबद्दल विचारा.