खिशातले पिस्तूल निवडताना: ३८० एसीपी आणि ९ मिमी ल्यूगर

रोज जवळ बाळगण्यासाठी छोटे पिस्तूल शोधणाऱ्याच्या समोर लवकरच दोन काडतुसे येतात आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. ३८० एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) या काडतुसाला ९ मिमी शॉर्ट, ९ मिमी कुर्झ, ९ मिमी कॉर्टो आणि ९×१७ अशीही नावे आहेत, तर ९ मिमी ल्यूगर हे ९ मिमी पॅराबेलम, ९×१९ किंवा नुसते ‘नाइन एमएम’ म्हणून ओळखले जाते. दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास एकच, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असल्यामुळे एक काडतूस म्हणजे दुसऱ्याचीच आखूड आवृत्ती, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात ती दोन स्वतंत्र काडतुसे आहेत आणि एकाच्या पिस्तुलात दुसरे कधीही चालवायचे नसते.

३८० ची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारी धातूची नळकांडी, १७ मिलिमीटर लांब आणि सरळ भिंतीची असते. ल्यूगरची १९ मिलिमीटर लांब आणि तोंडाकडे किंचित निमुळती होत जाणारी असते. ल्यूगरचे काडतूस ३८० च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) पूर्ण बसत नाही, त्यामुळे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, पुढे येऊन बंद होत नाही आणि चूक लगेच लक्षात येते. उलट प्रकार जास्त फसवा आहे, कारण ३८० चे काडतूस ल्यूगरच्या चेंबरमध्ये आत जाऊ शकते आणि तिथे त्याला तोंडाशी टेकायला जागा नसल्यामुळे ते केवळ एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखावर अडकून राहते. अशा स्थितीत ते उडालेच तर पुंगळीला चेंबरचा नीट आधार नसतो आणि पिस्तूल पुढचे काडतूस भरेल याची खात्री नसते. म्हणून खोक्यावरचे नाव वाचून थांबू नये. पुंगळीच्या बुडावर कोरलेली अक्षरे आणि पिस्तुलाच्या नळीवर किंवा स्लाइडवर कोरलेली अक्षरे शब्दशः जुळतात का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

दोघांचा जन्म वेगवेगळ्या गरजेतून झाला. गेओर्ग ल्यूगर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ९×१९ तयार केले. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये या काडतुसाचे पिस्तूल स्वीकारले, म्हणजे ते मुळातच सैनिकी काडतूस होते. जॉन ब्राउनिंग यांचे ३८० हे १९०८ मध्येच कोल्ट कंपनीच्या खिशातल्या पिस्तुलासाठी बाजारात आले. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार ३८० चा कमाल दाब प्रति चौरस इंच २१,५०० पौंड, तर ९ मिमी ल्यूगरचा ३५,००० पौंड आहे. खिशातल्या पिस्तुलाची जाडी, वजन, स्प्रिंगचा ताठपणा आणि हाताला बसणारा धक्का या सगळ्यांचे मूळ या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

धक्क्याचे गणित नीट मांडावे लागेल, कारण दुकानात पिस्तूल हातात घेऊन ते कळत नाही. ३८० ची नेहमीची गोळी साधारण ६.२ ग्रॅमची असते आणि चाचणीच्या नळीतून सेकंदाला सुमारे २९० मीटर वेगाने निघते. ल्यूगरची हलक्या वजनाची नेहमीची गोळी ७.५ ग्रॅमच्या आसपास असते आणि सुमारे ३५० मीटर वेग घेते. खिशातल्या पिस्तुलाच्या आखूड नळीत दोघांचाही वेग घटतो, पण प्रमाण फारसे बदलत नाही: ल्यूगरचा संवेग (गोळीचे वजन गुणिले वेग) जवळपास दीडपट राहतो. मात्र हाताला किती धक्का बसेल, हे एकट्या काडतुसावर ठरत नाही. पिस्तूल जितके हलके, तितक्या जोराने ते मागे येते.

याची तुलना करायला एकाच कंपनीची दोन पिस्तुले सोयीची आहेत. ग्लॉकने ३८० चे मॉडेल ४२ हे २०१४ मध्ये आणि ९ मिमीचे मॉडेल ४३ हे २०१५ मध्ये आणले. दोन्हींचा घाट सारखाच आहे आणि दोन्हींच्या मॅगझिनमध्ये (मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीत) सहा काडतुसे बसतात. रिकाम्या मॅगझिनसह पहिल्याचे वजन सुमारे ३९० ग्रॅम आणि दुसऱ्याचे सुमारे ५१० ग्रॅम आहे. लांबी अनुक्रमे १५१ आणि १५९ मिलिमीटर. वरील आकडे धरून गोळीपुरता हिशेब केला तर ४३ चे वजन जास्त असूनही त्याची मागे येण्याची ऊर्जा ४२ च्या दीडपटीहून जास्त भरते. आता याच हिशेबात रुगर एलसीपी ठेवून पाहावे. तेही ३८० चेच आहे, पण त्याचे वजन अवघे २७० ग्रॅमच्या आसपास आहे. त्याची ऊर्जा ग्लॉक ४३ च्या जवळ जाऊन पोहोचते, आणि बारीक मुठीमुळे ती तळहाताच्या छोट्याशा जागेवर आदळते. ‘३८० म्हणजे सौम्य’ हे सरसकट विधान त्यामुळे मला मान्य नाही. सर्वांत हलके ३८० पिस्तूल हे नवख्या नेमबाजासाठी बहुतेक वेळा सर्वांत अवघड पिस्तूल ठरते, आणि विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितले पाहिजे.

यंत्रणेनेही फरक पडतो. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या धाटणीच्या ३८० पिस्तुलात नळी पक्की बसवलेली असते आणि स्लाइडला कसलेही कुलूप नसते. स्लाइडचे वजन आणि कडक स्प्रिंग हेच दाबाला थोपवून धरतात. असे पिस्तूल पोलादी आणि जड असूनही हाताला तीक्ष्ण झटका देते आणि त्याची स्लाइड मागे ओढायला जोर लागतो. ग्लॉक ४२ किंवा एलसीपीमध्ये गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेली असतात, त्यामुळे स्प्रिंग सौम्य ठेवता येते. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे किंवा सांधे दुखतात, त्यांच्यासाठी कुलूपबंद यंत्रणेचे ३८० हा फार मोठा दिलासा आहे. स्लाइड पूर्ण मागे ओढता येत नसेल, तर पिस्तूल भरता येत नाही आणि, त्याहून महत्त्वाचे, सुरक्षितपणे रिकामेही करता येत नाही.

परिणामाच्या बाबतीत ९ मिमी पुढे आहे, यात शंका नाही. आखूड नळीतून सुटलेली ३८० ची पोकळ टोकाची गोळी बहुधा दोनपैकी एकच काम नीट करते: एक तर ती आत शिरल्यावर फुलून रुंद होते आणि कमी खोल जाते, किंवा पुरेशी खोल जाते पण फुलत नाही. ९ मिमीमध्ये दोन्ही साधणाऱ्या गोळ्या सहज मिळतात. शिवाय सिग सॉअरच्या पी३६५ ने २०१८ मध्ये दहा काडतुसांचे मॅगझिन सुमारे अर्धा किलोच्या पिस्तुलात बसवल्यापासून आकाराची जुनी सबबही बरीच कमजोर झाली आहे.

तरीही ‘छोटे’ आणि ‘खिशात मावणारे’ यांत अंतर आहे. पी३६५ पट्ट्याला लावलेल्या होल्स्टरमध्ये उत्तम राहते. पँटच्या पुढच्या खिशात मात्र त्याचे वजन कापड खाली ओढते आणि बाहेर काढताना मूठ खिशाच्या तोंडाशी अडकते. पिस्तूल खरोखर खिशातच राहणार असेल, तर चारशे ग्रॅमच्या आसपासचे, कुलूपबंद यंत्रणेचे ३८० मी सुचवीन. पट्ट्याला होल्स्टर लावण्याची तयारी असेल, तर ३८० घेण्याचे कारण बहुतेकांना उरत नाही. अपवाद फक्त हातांच्या ताकदीचा.

कोणतेही निवडले तरी खिशासाठी चाप पूर्ण झाकणारे स्वतंत्र होल्स्टर लागतेच, आणि त्या खिशात दुसरी एकही वस्तू ठेवायची नाही. किल्ली किंवा पेनाचे टोपण चापाच्या कड्यात शिरले, तर काय होईल हे सांगायला नको. खिशातला कापडाचा भुगा स्लाइडच्या खाचांत आणि नळीच्या तोंडाशी साचतो, म्हणून गोळी झाडली नसली तरी पिस्तूल रिकामे करून नियमित पुसावे लागते. काही देशांत निवडीचा प्रश्नच कायद्याने सोडवलेला असतो: मेक्सिकोत ९ मिमी ल्यूगर हे सैन्यासाठी राखीव आहे आणि नागरिकाला स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलात ३८० पर्यंतच मुभा आहे. परवाना कोणत्या काडतुसाचा मिळतो आणि पिस्तूल सोबत नेण्याची परवानगी त्यात आहे का, हे खरेदीच्या आधी पाहावे.

शक्य असेल तर परवानाधारक रेंजवर दोन्ही प्रकारची पिस्तुले भाड्याने घेऊन, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली झाडून पाहावीत. पहिल्या मॅगझिनमध्ये उत्साहामुळे धक्का जाणवत नाही, म्हणून खरी पारख तिसऱ्या-चौथ्या मॅगझिनला होते. गोळ्या डावीकडे-खाली सरकू लागल्या, चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागले किंवा अंगठ्याच्या बेचक्यात दुखू लागले, तर ते पिस्तूल त्या हातासाठी फार हलके आहे असे समजावे, मग त्यावर कोणतेही नाव कोरलेले असो. आणि दोन्ही काडतुसे एकाच दिवशी वापरणार असाल, तर एका पिस्तुलाचे काम संपवून त्याची काडतुसे पिशवीत बंद केल्याशिवाय दुसऱ्याचे खोके टेबलावर उघडू नये.